अस्थी म्हणायचं नाही, माती म्हणायचं नाही

मी काही वर्षं माणसांची हाडं भाजली, असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची जराशी मागे सरकवतो. त्याला वाटतं मी घाटावर कामाला होतो. मग मी खुलासा करतो की नाही हो, दवाखान्यात होतो, जिवंत माणसाच्या शरीरात बसवायची हाडं भट्टीत तयार करायचो. खुलासा ऐकून तो खुर्ची आणखी मागे घेतो. म्हणून अलीकडे मी "सरकारी नोकरीत होतो" एवढंच सांगतो. त्याने कोणालाच काही वाटत नाही.

या अंकाच्या संपादकांनी "काहीतरी प्रेरणादायी" लिहा असं कळवलं आहे. त्यांचा पत्ता चुकला असावा. आमच्या दवाखान्यात प्रेरणा घ्यावी असं जे होतं ते भट्टीच्या आत होतं, आणि तिथे बाराशे अंश तापमान असल्यामुळे साहेब लोक फारसे फिरकत नसत. भट्टीच्या बाहेर जे चालायचं ते मी लिहितो आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

मी डॉक्टर नाही. सिरॅमिकचा डिप्लोमा केला, विजेच्या खांबावरचे पांढरे इन्सुलेटर बनवायच्या कारखान्यात चार वर्षं काढली आणि साठ-सत्तरच्या दरम्यान नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात दातांच्या विभागात लागलो. तिथे चिनी मातीचे दात भाजायचे. खांबावरून थेट तोंडात, असं आमचे एक शेजारी म्हणायचे. पुढे, ऐंशीच्या थोडं अलीकडे, हाडांच्या विभागाचे प्रमुख परदेशात जाऊन आले आणि येताना डोक्यात एक खूळ घेऊन आले. त्यांना सगळे साहेब म्हणत, मीही साहेबच म्हणतो. खूळ चांगलं होतं, हे मी आजही कबूल करतो.

हाड म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मोठमोठ्या डिग्रीवाल्यांनाही ते मलाच सांगावं लागलं आहे. हाडातला मऊ भाग जाळून टाकला तर मागे उरतो तो कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा एक क्षार. त्याचं नाव हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट. हे नाव आमच्याकडे पाच जणांना धड उच्चारता येत नव्हतं आणि त्यातले तिघे त्यावर भाषण द्यायचे. हाच क्षार बाटलीतल्या रसायनांतून बनवता येतो. एका भांड्यात कॅल्शियमचं द्रावण, वरून थेंबथेंब फॉस्फेटचं, आणि अमोनिया इतका की डोळ्यांचं पाणी खळू नये. तळाशी पातळ दह्यासारखा पांढरा साका बसतो. तो गाळायचा, धुवायचा, वाळवायचा, कुटायचा. मग त्यात डांबरगोळ्यांची पूड मिसळायची. होय, ट्रंकेत कपड्यांमध्ये टाकतात त्याच डांबरगोळ्या. साच्यात दाबून वडी करायची आणि हळूहळू तापवायची. डांबरगोळी उडून जाते आणि तिच्या जागी भोक राहतं. मग भट्टी चढवायची. बाहेर येते ती पांढरी, खडखडीत, भोकाभोकांची वडी.

ही वडी हाडातल्या पोकळीत बसवली की माणसाचं स्वतःचं हाड त्या भोकांतून आत शिरतं आणि वडीला आपलंसं करतं. निदान तसं व्हायला हवं. परदेशात साहेबांनी जनावरांमध्ये ते बघितलं होतं. आमच्या वडीत ते होतं की नाही हे कळायला एकच मार्ग होता, बसवलेली वडी पुन्हा बाहेर काढून फोडायची. आता चालत्या-फिरत्या माणसाच्या पायातली वडी कोण काढणार? त्यामुळे आमचं सगळं काम श्रद्धेवर चालायचं, आणि श्रद्धा ठेवायला साहेबांना माणसं कमी पडत नसत.

पहिल्याच पेशंटच्या वेळचं सांगतो. साहेबांनी पोकळीचं माप कागदावर काढून दिलं. कच्ची वडी भाजली की पाचवा हिस्सा आटते, म्हणून मी त्या अंदाजाने मोठी वडी दाबली, भाजली, आणि माप बरोबर उतरलं. ऑपरेशनच्या टेबलावर ती काही बसेना. साहेब बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझा हिशेब चुकला." मी विचारलं, माप कशावरून घेतलं? म्हणाले, एक्स-रेवरून. आता एक्स-रे म्हणजे सावली. सावली वस्तूपेक्षा मोठी पडते, हे कंदिलासमोर हात धरून बसलेल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. साहेबांनाही ठाऊक असणारच, पण मोजायच्या वेळी त्यांनी ते घरी ठेवलं होतं. शेवटी वडी घासून बसवली आणि अहवालात असं आलं की निर्मात्याच्या मापात सुधारणेला वाव आहे. निर्माता म्हणजे मी. एवढा मान मला त्याआधी कोणी दिला नव्हता.

पाहुणेही यायचे. एका फार मोठ्या पाहुण्यांनी ताटलीतली एक वडी उचलली, वजन करून पाहिली आणि "टेबलावर कागद दाबायला छान आहे" म्हणून खिशात टाकली. साहेब हसले. मे महिना होता, दिवसातून दोनदा वीज जायची, आणि भट्टी चढत असताना वीज गेली की आतला माल तडकून जायचा. ती वडी तिसऱ्या खेपेला साधली होती.

मग नावाची सभा झाली. या वस्तूला मराठीत काय म्हणायचं हे ठरवायला धरमपेठेतून एक भाषेचे प्राध्यापक बोलावले होते. मी ताटली धरून उभा होतो. कोणी विचारलं नसताना मी म्हणालो, "भाजलेली माती म्हणा की." त्यावर दवाखान्याचे अधीक्षक दचकले. आमच्याकडे कोणाच्या मातीला जायचं म्हणजे अंत्ययात्रेला जायचं. पेशंटला सांगायचं काय, की तुझ्या पायात माती घालतो? अधीक्षकांचं म्हणणं बरोबर होतं, ते मी तेव्हाही मान्य केलं. त्यांच्या आयुष्यातलं ते बहुधा एकमेव बरोबर म्हणणं असावं. मग प्राध्यापकांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "कृत्रिम अस्थी." सगळ्यांनी माना डोलावल्या. अस्थी कशाला म्हणतात, त्या कुठे गोळा करतात आणि कुठे सोडतात, हे त्या खोलीतल्या एकाही विद्वानाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण एकदा तोंड पोळलं होतं, दुसऱ्यांदा उघडलं नाही.

पाटी लागली. पेंटरने "कृत्रिम" वर बारीक लिहिलं आणि खाली ठसठशीत "अस्थी कक्ष".

आठवडाही झाला नसेल. दारात एक म्हातारा उभा. हातात नवं कोरं मडकं, त्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. त्याचा भाऊ दवाखान्यात वारला होता आणि गावाला निरोप पोचेपर्यंत बेवारस म्हणून त्याचं परस्पर उरकलं होतं. म्हाताऱ्याने व्हरांड्यात चौकशी केली आणि कोणीतरी आमची पाटी दाखवली.

"अस्थी इथंच भेटतेत ना जी?" त्याने विचारलं.

मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं आणि जे होतं ते सांगितलं. त्याने ताटलीतल्या एका वडीला बोट लावून पाहिलं.

"मंग पाटी काहून लावली गा?" तो म्हणाला. रागावला नव्हता, खरंच विचारत होता.

मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "पाटीवर कृत्रिम लिहिलंय, त्याने नीट वाचायला हवं होतं." म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. तो मडकं काखेत धरून गेला, रिकामंच. दुसऱ्या दिवशी पाटी उतरली आणि तोंडी हुकूम निघाला की यापुढे पेशंटसमोर अस्थी म्हणायचं नाही आणि माती तर नाहीच नाही. मग म्हणायचं काय, हे कोणी सांगितलं नाही. एवढी मोठी भट्टी, एवढे शहाणे लोक, आणि आम्ही माणसाच्या अंगात जे घालत होतो त्याला नाव नव्हतं.

अशा वेळी सुमन आली. पारशिवनीकडच्या एका खेड्यातली, एकोणीस वर्षांची. तिच्या गुडघ्याखाली नडगीच्या हाडात पोकळी झाली होती. कॅन्सर नव्हता, पण हाड आतून पोखरून टरफलासारखं पातळ झालेलं. धानाच्या बांधीत चिखल तुडवणारी मुलगी, एक दिवस ते मोडणार आणि मग पाय राहील की जाईल हे सांगता येत नव्हतं. अशी पोकळी भरायला कमरेचं हाड काढून घालतात, पण तिची पोकळी मोठी होती, कमरेचं पुरलं नसतं.

तिच्यासाठी वडी भाजायचं ठरलं तेव्हा मी नमुना घेऊन वॉर्डात गेलो. ते माझं काम नव्हतं. पण त्या म्हाताऱ्यानंतर मला वाटू लागलं होतं की वस्तू आधी दाखवावी. सुमनने ती हातात घेतली, फिरवून पाहिली.

"हे कोनाचं हाड होय जी?"

"कोणाचंच नाही."

"कोनाचं तं असनच. हाड काय झाडाले लागते?"

तिची माय खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती म्हणाली, "मेलेल्याचं असन तं नोको बापा. पोट्टी तशीच चालन."

कौलांना तिकडे कवेलू म्हणतात. मी म्हणालो, "तुमच्या घरावर कवेलू आहेत ना? कुंभार चिखलाचे करून भाजतो. तसंच हे भाजलेलं आहे. फक्त पांढरं."

सुमनने काय करावं? वडीचा कोपरा जिभेला लावला. वडी जिभेला चिकटली, तिने ती ओढून काढली आणि मायकडे वळून म्हणाली, "कवेलूच आहे वं माय. जिभीले चिपकते."

मला इतका आनंद झाला की मी तिथेच हसलो. भाजलेल्या वडीत भोकं नीट पडली की नाहीत, ती आतून एकमेकांना मिळाली की नाहीत, हे बघायला मीही तेच करायचो. भोकांनी जिभेचं पाणी ओढलं की वडी चिकटते. साहेबांकडे त्यासाठी परदेशी यंत्राची मागणी पडून होती, आणि या मुलीने न शिकता तीच परीक्षा केली. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात तिला कवेलूवाली आणि वडीला कवेलू म्हणू लागले. प्राध्यापकांना जे सुचलं नाही ते नाव असं ठरलं. पेशंटना कळत होतं, आयांना कळत होतं, कोणाच्या अंगावर काटा येत नव्हता.

ऑपरेशन झालं. वडी बसली. मी या वेळी माप नुसत्या एक्स-रेवरून घेऊ दिलं नाही. पोलादी पट्टी पायाशेजारी ठेवून एक्स-रे काढायला लावला, म्हणजे सावली किती वाढली ते पट्टीवरून कळतं. सुमन कुबड्यांवर उठली, मग एका काठीवर आली.

घरी सोडायच्या दिवशी साहेब तिचं कार्ड भरत होते. मी शेजारी होतो. मी म्हणालो, "साहेब, काय बसवलं ते स्पष्ट लिहा. आपली वडी एक्स-रेत हाडापेक्षा पांढरी दिसते. उद्या दुसऱ्या कोणी डॉक्टरने बघितली तर त्याचा घोटाळा होईल."

साहेबांनी पेन थांबवलं. "काय लिहू? कवेलू?"

वॉर्डातले शिकाऊ डॉक्टर हसले. नर्स हसली. मीही हसलो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण हसलो खरा. साहेबांनी इंग्रजीत दोन शब्द लिहिले, त्यांचा अर्थ हाड भरलं. त्यामागे त्यांचं कारण होतं. वरची परवानगी अजून कागदावर आली नव्हती, आणि भलतं काही लिहिलं तर चौकशी लागली असती. हाड लिहिलं की कोणी काही विचारत नाही.

सुमनने कार्ड माझ्यापुढे धरलं. "काय लिवलं जी?"

"हाड भरलं, असं लिहिलंय."

"पन ते तं कवेलू आहे."

मी म्हणालो, "डॉक्टरांनी लिहिलंय ना, मग कार्डावरचंच बरोबर."

माझ्या सगळ्या नोकरीत मी बोललेलं हे सगळ्यात वाईट वाक्य. तेव्हा ते अगदी सहज निघालं.

ती सहा महिन्यांनी एकदा दाखवायला आली, चांगली चालत होती, धानाची रोवणी करून आले म्हणाली. मग येईनाशी झाली. येत नाही म्हणजे बरी आहे, असं आम्ही धरून चाललो. साहेबांनी दोन परिषदांमध्ये तिचे फोटो दाखवले.

तीन वर्षांनी ती भट्टीच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात काठी. पाय नडगीत वाकडा झालेला आणि आखूड. तिने पिशवीतून औषधाची रुंद तोंडाची बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आत तुकडे होते, पिवळट पांढरे.

"हे पाहा जी," ती म्हणाली. "मेलेलं हाड म्हनते."

मी तिला बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. बैलाचा खूर लागून नडगीवर सूज आली होती. भाऊ सीताबर्डीला कपड्याच्या स्टॉलवर कामाला, त्याच्या ओळखीने तिथल्याच एका डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने एक्स-रे काढला. हाडाच्या मधोमध लखलखीत पांढरा तुकडा. आता हाडाला पू लागून आतला भाग मेला, तर तोही एक्स-रेत असाच पांढरा दिसतो, आणि मेलेला तुकडा काढल्याशिवाय जखम बरी होत नाही. हे पुस्तकात आहे. मेलेल्या तुकड्याभोवती काळी रेघ असते, हेही त्याच पुस्तकात आहे, पण पान उलटावं लागतं. त्याने छिन्नी लावली. तुकडा सुटेना. सुटणार कसा? तरी त्याने तो फोडून, कोरून काढला. पुढे दोन महिन्यांनी पोकळ नडगी मोडली.

"तू त्याला सांगितलं नाहीस का?" मी विचारलं.

"सांगतलं ना. म्हनलं, डॉक्टरसाहेब, माह्या पायात कवेलू आहे. तो हासला. म्हने, कार्डावर तं हाड लिवलं आहे. मंग मीच गप झाली. तुम्हीच म्हनलं होतं ना जी, कार्डावरचं बरोबर असते."

ती रागाने बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी बाटलीतला एक तुकडा भिंगाखाली धरला. एका बाजूला मी कच्च्या वडीवर काढायचो ती खूण होती, दोन आडव्या रेघा. आणि भोकं भरलेली होती. एक ना एक भोक. तिचं हाड माझ्या वडीत शिरलं होतं, आत आडवंतिडवं पसरलं होतं, कुठे वडी संपते आणि कुठे सुमन सुरू होते ते सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही ज्याच्यावर नुसती श्रद्धा ठेवून होतो ते खरं होतं, आणि ते असं बाटलीत घालून माझ्यापर्यंत आलं. मला रडू आलं. आनंदाचं किती आणि कशाचं किती, ते मला सांगता येणार नाही.

साहेबांना निरोप गेला. ते धावत आले. भिंगातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. सुमनच्या पायाकडे बघायच्या आधी ते म्हणाले, "अरे, हेच तर पाहिजे होतं आपल्याला."

सुमनने विचारलं, "परत बसोता येते का जी ते?"

"नाही, आता नाही. पण याचा अभ्यास करू आम्ही. परदेशातल्या मासिकांत येईल हे. तुझ्यामुळे खूप लोकांचं भलं होईल बेटा. बाटली इथेच राहू दे."

"ठेवतो," ती म्हणाली. "आधी कार्डावर लिवून द्या. पायात का होतं ते. त्या डॉक्टरले दाखवाचं आहे मले."

साहेब खुर्चीवर बसले. त्यांनी पेन काढलं. खरं लिहायचं तर तीन वर्षांपूर्वी खोटं लिहिलं हे कबूल करणं आलं, आणि ते तिच्या हातात जाणार होतं. त्यांनी त्या दोन इंचाच्या जागेवर पेन टेकवलं, उचललं आणि पुन्हा टेकवलं. मग त्यांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली. सुमनने कार्ड सरळ माझ्यापुढे धरलं.

"वाचा जी."

या वेळीही मी जसं होतं तसं वाचलं, पण बरोबर आहे असं म्हणालो नाही. "लिहिलंय, योग्य ते पूरक साहित्य वापरण्यात आलं होतं."

तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि बाटली पिशवीत टाकली. "माह्यं आहे ते," ती म्हणाली आणि उठली. साहेबांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग विनवलं. एका खेडवळ मुलीला साहेब "प्लीज" म्हणताना मी ऐकलं. ती गेली.

मी मागून गेलो. व्हरांड्यातल्या बाकावर तिला गाठलं, कार्ड घेतलं आणि पाठीमागे मराठीत लिहिलं, "या पायात भाजलेलं कवेलू बसवलं होतं. ते मेलेलं हाड नव्हतं." खाली सही केली, हुद्दा लिहिला. तंत्रज्ञाच्या सहीला कोण विचारतो, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तिने एकेक अक्षर लावून ते वाचलं. मग बाटली उघडली, खुणेचा तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हे तुमचं. तुम्ही भाजलं," ती म्हणाली. "बाकी माह्यं."

ती व्हरांड्याच्या टोकाला जाईपर्यंत मी बघत होतो. काठी, चांगला पाय, मग तो दुसरा.

तो तुकडा मी काडीपेटीत कापूस घालून ठेवला. साहेबांना सांगितलं नाही.

वर्षभराने वरून समिती आली. काम पुढे चालवायचं की भट्टी बंद करायची, हे ठरवायला. लांब टेबल, मधे बिस्किटं. मी काडीपेटी शर्टाच्या खिशात घालून नेली होती, आणि खरं सांगतो, द्यायलाच नेली होती. समितीच्या अध्यक्षांचा प्रश्न सरळ होता. ते म्हणाले, "तुमच्या या मालात माणसाचं हाड शिरतं, याचा तुमच्याकडे पुरावा काय?"

साहेब घसा साफ करून म्हणाले, "एक संधी आली होती सर. पण पेशंट अडाणी होती. तिने सहकार्य केलं नाही."

माझा हात खिशापर्यंत गेलेला, तिथेच थांबला. अडाणी. जिने जीभ लावून माल पारखला, जिने तीन वर्षांनी एकच बरोबर मागणी केली, ती अडाणी. मी हात खाली घेतला. साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. ते कागद उलटेसुलटे करत होते आणि मी बघत होतो, आणि मला मजा वाटत होती. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. मी स्वतःला सांगितलं की हे मी सुमनसाठी करतो आहे. तिने मला असं काही सांगितलं नव्हतं. तिने मला तुकडा दिला होता, लपवून ठेव म्हणाली नव्हती. समितीने लिहिलं, पुरावा नाही, काम थांबवावं. चहा आला. मला जायला सांगितलं.

मी बाहेर आलो. बाकावर पाचपावलीचे एक विणकर काका बसले होते. हातमागावर धोटा फेकायचा उजवा हात, त्यात सुमनसारखीच पोकळी, कमरेचं हाड एकदा भरून झालेलं आणि न टिकलेलं. तीन महिने ते माझ्या भट्टीच्या फेऱ्या मारत होते. वीज गेल्याने दोन वड्या तडकल्या होत्या. तिसरी त्याच सकाळी निघाली होती, एकही चीर नसलेली, कपाटात त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवली होती.

मला बघून ते उठले. उजवा हात डाव्या हाताने सांभाळत म्हणाले, "माह्यं कवेलू निघालं का जी भट्टीतून?"

दार माझ्या पाठीमागेच होतं. आत कपबशांचा आवाज येत होता, अजून कोणी उठलेलं नव्हतं. काडीपेटी खिशात होती.

"नाही निघालं, काका," मी म्हणालो.